दाखल्यावरचे नाव

शाळा सोडल्याचा दाखला हा आपल्याकडे माणसाला जन्मभर पुरणारा कागद आहे. घराघरांतून तो पत्र्याच्या पेटीत, सातबाराच्या उताऱ्याशेजारी जपून ठेवलेला असतो. घडी पडून पडून तिच्या रेषेवर तो विरलेला असतो, शाईचा निळा रंग करडा झालेला असतो, आणि तरीही नोकरीच्या उमेदवारीपासून जातपडताळणीच्या प्रकरणापर्यंत प्रत्येक खिडकीशी सर्वांत आधी त्याचीच मागणी होते. त्या कागदाच्या माथ्यावर मोठ्या टाइपात संस्थेचे नाव छापलेले असते, आणि ते नाव पुष्कळदा एखाद्या माणसाचे असते. तो माणूस कोण होता हे दाखला बाळगणाऱ्यास ठाऊक असो वा नसो, त्याच्या स्वतःच्या नावाआधी ते नाव वाचले जाते, आणि आयुष्यभर वाचले जाते.

यवतमाळ जिल्ह्यातील शाळा-महाविद्यालयांच्या नावांचा विचार करू लागलो, तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. या नावांत राजे आहेत, संत आहेत, देणगीदार शेठ आहेत. पण कायद्याची पदवी घेतलेल्या माणसांची नावे त्यांत विशेष ठसठशीत आहेत. लोकनायक बापूजी अणे, लोकमान्य टिळक, वसंतराव नाईक आणि, महाराष्ट्रातील कोणत्याही जिल्ह्यात असते तसे, सर्वांत उंचावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. विद्यामंदिराच्या दारावर वकिलाचे नाव का असावे, हा प्रश्न वरकरणी चमत्कारिक वाटतो. वकिलाचे स्थान कचेरीत. शाळेशी त्याचा संबंध काय?

त्याचे पहिले उत्तर आपल्या भाषेनेच देऊन ठेवले आहे. मुलगा शाळेत ‘दाखल’ होतो, त्याचे नाव ज्या मोठ्या वहीत चढते तिला आजही ‘दाखल-खारीज’ रजिस्टर म्हणतात, रोज सकाळी त्याची ‘हजेरी’ घेतली जाते, आजारी पडला तर तो ‘रजेचा अर्ज’ देतो, खांद्याला ‘दप्तर’ अडकवतो, आणि परीक्षेत शेजाऱ्याचे पाहून लिहिले तर ‘नक्कल’ केल्याचा ठपका त्याच्यावर येतो. हा एकूण एक शब्द फारसी अमदानीतल्या दिवाणी व महसुली कारभारातून आलेला आहे. पक्षकाराचा दावा दाखल होतो तसाच विद्यार्थीही दाखल होतो. सरकारी कागदपत्रांचे दप्तर असते तसेच सहा वर्षांच्या मुलाच्या पाटीपुस्तकांचेही दप्तरच असते. मराठी मुलुखात शाळा आणि कचेरी या शेजारणी आहेत, एकीच्या घरची भांडी दुसरीच्या घरी नित्य वापरली जातात. आणि दोघींच्या उंबरठ्यावर ज्याचे येणेजाणे सारखेच असे, तो माणूस म्हणजे गावचा वकील.

वऱ्हाडात तर हे अधिकच खरे. १८५३ च्या तहाने हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला, १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडला गेला, आणि आज ज्याला आपण यवतमाळ जिल्हा म्हणतो तो १९०५ पर्यंत वणीच्या नावाने ओळखला जात असे, जरी जिल्ह्याची कचेरी यवतमाळलाच होती. कापसाचे पीक, सावकाराचे कर्ज, जमिनीचे तंटे आणि राखीव जंगलाचे नवे निर्बंध यांनी वेढलेल्या या प्रदेशात इंग्रजी जाणणारा, सरकारशी कागदोपत्री बोलू शकणारा आणि तरीही मराठीतच विचार करणारा मनुष्य म्हणजे बहुधा वकील. सार्वजनिक सभा त्यानेच भरवावी, वाचनालयाची घटना त्यानेच लिहावी, शाळेच्या मान्यतेचा अर्जही त्यानेच रंगवावा, अशी रीतच पडली होती. यवतमाळचेच यशवंत खुशाल देशपांडे यांनी वकिली करता करता महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासात आपले आयुष्य वेचले, आणि शारदाश्रमासारखी संशोधनसंस्था या आडवळणाच्या गावी उभी केली. पक्षकारांच्या कैफियती आणि सातशे वर्षांपूर्वीच्या पोथ्या एकाच माणसाच्या मेजावर शेजारी शेजारी पडलेल्या असत, हे दृश्य माझ्या मनासमोरून हलत नाही.

परंतु या साऱ्यांत माझे मन विशेष रेंगाळते ते माधव श्रीहरी ऊर्फ बापूजी अणे यांच्यापाशी. २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे त्यांचा जन्म झाला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात त्यांचे उच्च शिक्षण झाले. आणि त्यानंतर ज्या कामाने त्यांनी आयुष्याचा आरंभ केला ते काम वकिलीचे नव्हते. १९०४ ते १९०७ ही वर्षे ते अमरावतीच्या काशीबाई प्रायव्हेट हायस्कुलात शिक्षक होते. दिवसा वर्ग घ्यावेत आणि उरल्या वेळात कायद्याची पुस्तके वाचावीत, असा त्या काळच्या कित्येक होतकरू तरुणांचा परिपाठ असे. अण्यांनी कलकत्ता विद्यापीठाची कायद्याची पदवी मिळवली आणि १९०८ मध्ये यवतमाळला येऊन वकिलीची सनद चालवू लागले. म्हणजे आज ज्यांच्या नावाने यवतमाळात लोकनायक बापूजी अणे महिला महाविद्यालय उभे आहे, त्यांनी न्यायाधीशापुढे उभे राहण्याआधी तीन वर्षे मुलांपुढे उभे राहून हजेरी घेतली होती.

ते ज्या यवतमाळात आले ते गाव त्या वेळी निवांत नव्हते. वंगभंगाच्या चळवळीची धग वऱ्हाडात पोचली होती आणि राष्ट्रीय शिक्षणाच्या कल्पनेने तरुणांची मने पेटली होती. तपस्वी बाबासाहेब परांजपे यांनी यवतमाळात चालवलेल्या राष्ट्रीय शाळेत त्या सुमारास नागपूरचा एक मुलगा शिकायला आला. ‘वंदे मातरम्’च्या घोषणेपायी नागपूरच्या नील सिटी हायस्कुलातून त्याला काढून टाकले होते. त्याचे नाव केशव बळीराम हेडगेवार. सरकारची वक्रदृष्टी वळल्यामुळे ती शाळा फार काळ टिकली नाही. पण ज्या संस्थेचे आयुष्य उणेपुरे काही वर्षांचे, तिच्या पटावरील एका विद्यार्थ्याने पुढे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना केली. शाळेची कीर्ती तिच्या इमारतीवर वा वयावर अवलंबून नसते, याचा असा दाखला आपल्या जिल्ह्यात पडून आहे आणि त्याची आठवण क्वचितच कोणी काढतो.

अणे आणि हेडगेवार हे दोघेही पुन्हा एकाच वाटेवर आले ते १९३० साली. मिठाच्या सत्याग्रहाने देश हालला, पण वऱ्हाडाला समुद्र कुठला? तेव्हा येथल्या लोकांना रोज जाचणारा कायदा कोणता, याचा शोध घेतला गेला आणि तो जंगलचा निघाला. ज्या रानात बापजाद्यांनी गुरे चारली, त्याच रानातील गवताच्या पेंढीसाठी परवाना आणि दंड यांना तोंड द्यावे लागे. १० जुलै १९३० रोजी पुसद येथे अण्यांनी राखीव जंगलातील गवत कापून तो कायदा मोडला. ज्या माणसाने उणीपुरी बावीस वर्षे कायद्याच्या कलमांवर आपला चरितार्थ चालवला, त्याने पन्नाशीच्या उंबरठ्यावर विळा हाती घेऊन, सर्वांदेखत आणि शिक्षेची पूर्ण जाणीव ठेवून, कायदेभंग करावा, या कृतीचे वजन सामान्य सत्याग्रहीच्या कृतीहून निराळे आहे असे मला वाटते. कायदा काय आहे हे न जाणणाऱ्याने तो मोडणे सोपे. कायद्याचे सामर्थ्य आणि त्याची थोरवी दोन्ही ओळखणाऱ्याने तो मोडायचा म्हणजे आधी स्वतःच्या अंतःकरणात त्याचा निवाडा पुरा व्हावा लागतो. त्याच महिन्यात डॉ. हेडगेवारांनीही यवतमाळ परिसरात जंगल सत्याग्रह करून तुरुंगवास पत्करला.

अण्यांच्या पुढील चरित्राचा विस्तार मोठा आहे आणि तो येथे भरभर सांगून टाकतो. १९२८ च्या नेहरू समितीचे ते सदस्य होते, १९३३ मध्ये काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष झाले, १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी सरकारचे धोरण न पटल्यामुळे त्या मंडळाचा राजीनामा देऊन बाहेर पडले. सिलोनमध्ये ते हिंदुस्थानचे प्रतिनिधी होते, घटना समितीचे सदस्य होते, १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल होते, आणि ऐंशीच्या घरात असता नागपूरचे खासदार म्हणून लोकसभेत वेगळ्या विदर्भाची बाजू मांडत होते. त्यांचे सगळेच निर्णय सर्वांस मानवले असे नाही, आणि मानवावेत अशी त्यांचीही अपेक्षा नसावी. परंतु पटत नाही तेथे खुर्ची सोडण्याची त्यांची तयारी प्रत्येक मुक्कामी दिसून येते.

या राजकारणी माणसात जो शिक्षक दडलेला होता तो मात्र कधीच निवृत्त झाला नाही. १९२८ मध्ये ग्वाल्हेरला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. संस्कृतावर त्यांचे प्रभुत्व होते, आणि उतारवयात, ज्या वयात मनुष्य आपल्या आठवणी दुसऱ्याकडून लिहवून घेतो, त्या वयात त्यांनी आपले गुरू लोकमान्य टिळक यांच्या जीवनावर ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ हे विस्तीर्ण संस्कृत महाकाव्य रचले. वकिलाची भाषा नेमकी असते, कवीची भाषा सूचक असते. दोन्हींचा सराव एकाच लेखणीला असावा, हे भाग्य दुर्मिळ होय.

येथे मला वणीकडे वळावे लागते. अण्यांच्या या जन्मगावी जे महाविद्यालय उभे राहिले त्याचे नाव लोकमान्य टिळक महाविद्यालय. शिष्याच्या गावी गुरूचे नाव, ही संगती योजून साधलेली असो वा आपोआप जुळलेली असो, मला ती मोठी समर्पक वाटते. टिळकांना आपण संपादक आणि राजकीय पुढारी म्हणून इतके ओळखतो की त्यांनी १८७९ मध्ये कायद्याची पदवी घेतली होती, याचे विस्मरण होते. ती पदवी घेऊन ते कचेरीत गेले नाहीत. दुसऱ्याच वर्षी, १८८० मध्ये, पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले त्यात अल्प वेतनावर शिकवू लागले, फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापन केले, आणि १८९० मध्ये ती संस्था सोडल्यावर चरितार्थासाठी कायद्याचाच वर्ग चालवला. पुढे १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात त्यांनी स्वतःच स्वतःची बाजू मांडली, आणि त्यांचे ते भाषण एकवीस तासांहून अधिक चालले, तेव्हा मास्तर आणि वकील या दोन्ही भूमिका एकाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या होत्या. ज्यूरीपुढे बोलणारे टिळक एका अर्थी वर्गच घेत होते. फरक इतकाच की वर्गाच्या शेवटी शिक्षकालाच सहा वर्षांची काळ्या पाण्याची सजा झाली आणि त्याला मंडालेस नेण्यात आले.

वणीच्या या महाविद्यालयाला जे प्राचार्य लाभले त्यांची वाणी महाराष्ट्राने अनेक वर्षे कान देऊन ऐकली. प्राचार्य राम शेवाळकर यांचा जन्म २ मार्च १९३१ रोजी अचलपूरचा, घराणे कीर्तनकारांचे. आणि वणीसारख्या कोळशाच्या खाणींनी वेढलेल्या तालुक्याच्या गावी राहून त्यांनी दीर्घकाळ या महाविद्यालयाची धुरा वाहिली. रामायण, महाभारत आणि ज्ञानेश्वरी यांवरील त्यांची व्याख्याने ज्यांनी ऐकली त्यांना त्या संथ, स्पष्ट, एकेक शब्द तोलून ठेवणाऱ्या आवाजाची आठवण करून द्यावी लागत नाही. १९९४ मध्ये पणजीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. मोठ्या शहराच्या विद्यापीठाची सावली नसलेले गाव एका शिक्षकामुळे महाराष्ट्राच्या वाङ्मयीन नकाशावर कसे येते, याचे वणी हे उत्तम उदाहरण आहे. आणि ज्या गावाने १८८० मध्ये अण्यांसारखा संस्कृतज्ञ दिला, तेथेच शतक उलटत असता शेवाळकरांसारखा संस्कृताचा रसज्ञ भाष्यकार मुलांना शिकवत होता, ही परंपरा दाखल-खारीज रजिस्टरात नोंदता येत नसली तरी खरी आहे.

तिसरे नाव वसंतराव नाईकांचे. पुसद तालुक्यातील गहुली या बंजारा तांड्यावर १ जुलै १९१३ रोजी जन्मलेला हा मुलगा नागपूरच्या त्याच मॉरिस कॉलेजातून १९३८ मध्ये पदवीधर झाला, १९४० मध्ये तेथील लॉ कॉलेजातून वकील झाला, आणि प्रथम अमरावतीस व पुढे पुसदला त्याने वकिली केली. तांड्यावरच्या माणसाला कचेरीतला हुकूम उलगडून सांगणारा आपलाच मनुष्य मिळाला, याचा अर्थ त्या वेळी किती मोठा असेल, याची कल्पना आज दाखले संगणकावर मिळू लागले असता करणे कठीण आहे. १९६३ पासून १९७५ पर्यंत, अकरा वर्षांहून अधिक काळ, ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते; १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांनी खेड्यापाड्यातील चुली पेटत्या राहिल्या त्या त्यांच्याच कारकीर्दीत. यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आज त्यांचे नाव धारण करते, आणि तेथे शिकलेल्या डॉक्टरांच्या पदवीच्या कागदपत्रांवर एका वकिलाचे नाव असते.

पण नाईकांच्या नावाची खरी कहाणी नागपुरात आहे, आणि ती मला फार हृद्य वाटते. मॉरिस कॉलेजला जे नाव होते ते मध्यप्रांताच्या एका इंग्रज मुख्य आयुक्ताचे. त्या इमारतीत अणे शिकले, नाईक शिकले, आणि पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेले मोहम्मद हिदायतुल्ला हेही तेथूनच १९२६ मध्ये पदवीधर झाले. वाकाटकांचा इतिहास ताम्रपटांतून वाचून दाखवणारे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी तेथे संस्कृत शिकवीत. हिदायतुल्लांनी पुढे स्वतः १९३५ ते १९४३ या काळात नागपूरच्या विधि महाविद्यालयात अध्यापन केले, म्हणजे नाईक तेथे विद्यार्थी होते त्याच वर्षांत. कालांतराने मॉरिसचे नाव गेले, संस्था नागपूर महाविद्यालय झाली, आणि आज तिच्या दारावर वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था अशी पाटी आहे. ज्या नोंदवहीत गहुलीच्या मुलाचे नाव एके काळी एका ओळीत चढले होते, त्या नोंदवहीच्या मुखपृष्ठावर आता तेच नाव आहे.

नावांच्या या गोष्टीत ज्यांनी आपले नाव मागे ठेवले त्यांचाही उल्लेख व्हायला हवा. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश होण्यापूर्वी, १८८४ मध्ये, पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्यांत अग्रभागी होते. पण ती शाळा लोकांच्या तोंडी हुजूरपागा या पेशवाईतल्या घोडपागेच्या नावानेच राहिली, आणि इरावती कर्व्यांसारखी विदुषी तेथूनच शिकून पुढे गेली. वऱ्हाडात बॅरिस्टर पंजाबराव देशमुख यांनी १९३० नंतरच्या काळात जी शिक्षणसंस्था अमरावतीत स्थापन केली तिला त्यांनी नाव दिले ते शिवाजी महाराजांचे. यवतमाळ जिल्ह्यातील किती शेतकऱ्यांच्या मुलांनी शिवाजी विद्यालयाच्या बाकांवर बसून पहिली इंग्रजी अक्षरे गिरवली याची गणती करणे सोपे नाही. ज्याने शाळा काढली त्याचे नाव पाटीवर नाही, म्हणून त्या पाटीचे मोल तिळमात्र उणे होत नाही.

आणि डॉ. आंबेडकरांचे काय सांगावे? १९०० साली सातारच्या सरकारी हायस्कुलाच्या रजिस्टरात ज्याचे नाव दाखल झाले आणि ज्याला वर्गात वेगळे बसावे लागले, तो मुलगा १९३५ मध्ये मुंबईच्या सरकारी विधि महाविद्यालयाचा प्राचार्य झाला, आणि पुढे अकरा वर्षांनी सिद्धार्थ महाविद्यालय काढून त्याने हजारोंना दार उघडले. त्यांच्या नावाची शाळा नाही असा तालुका शोधून सापडणार नाही. त्या नावाखाली दाखला मिळवणाऱ्या मुलाला नाव कोणाचे हे सांगावे लागत नाही; ते त्याच्या घरच्या भिंतीवर असते.

दूरदेशीही हीच रीत आहे. अमेरिकेत १८०१ ते १८३५ सरन्यायाधीश असलेले जॉन मार्शल यांच्या नावाची हायस्कुले अनेक शहरांत आहेत. परंतु शिकागोच्या मार्शल विधि महाविद्यालयाने २०२१ मध्ये ते नाव उतरवून ठेवले, कारण न्यायाची थोर भाषा घडवणाऱ्या त्या माणसाने स्वतः गुलाम बाळगले होते. या घटनेने मी बराच वेळ विचारात पडलो. पाटीवरचे नाव म्हणजे एकदाच देऊन टाकलेली देणगी नव्हे. पुढची पिढी ते पुन्हा पुन्हा वाचणार, त्याची चौकशी करणार, आणि तो तिचा हक्कच आहे. ज्या नावांना ही चौकशी सोसते त्यांनाच ती व्हावी असे वाटते. अण्यांना ती सोसेल, आणि म्हणून माझी अशी इच्छा आहे की यवतमाळातील महिला महाविद्यालयात पहिल्या वर्षाला नाव घालणाऱ्या मुलीने ‘बापूजी अणे कोण?’ असे विचारावे आणि तिला १० जुलै १९३० ची पुसदची हकीकत कोणीतरी सविस्तर सांगावी: पावसाळ्याचे रान, कमरेइतके वाढलेले गवत आणि एका पन्नाशीच्या वकिलाच्या हातातला विळा.

अणे २६ जानेवारी १९६८ रोजी गेले. प्रजासत्ताकाचा तो दिवस होता, आणि त्याच वर्षी पद्मविभूषणासाठी त्यांची निवड झाली होती. टिळकांवरील त्यांच्या महाकाव्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९७३ मध्ये, ते जाऊन पाच वर्षे झाल्यावर. त्याच वर्षी यवतमाळात मराठी साहित्य संमेलन भरले. ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते, आणि ज्या गावात १९०८ साली एक सत्तावीस वर्षांचा शाळामास्तर नवी सनद खिशात घालून उतरला होता, त्या गावात तीन दिवस मराठी कविता चालली होती.